कोल्ला हात

भडगावच्या खाली गिरणेचा डोह,
पऱ्हाटीच्या काडीचा तरंगा,
गळाला मी लावलेली बेडकी, वाकडी.
हिलाल भोईंनी पाहिलं, बोलले नाहीत.

दोन तासांनी काडी
तिरकी चालू लागली.
"वढ आते! गळ पोटमा गया ते मरी जाई."

मरळ आली. हातभर, सापाच्या तोंडाची,
दात विचकून.
मी झडप घालणार, तोच मनगटावर चापट:
"कोल्ला हात नको लावू भो. चटका बसस तिले."

हात पाण्यात बुडवले.
एक तिच्या पोटाखाली, एक मानेमागे,
कल्ल्यात बोट नाही.
खाली ओलं केळीचं पान, पक्कड त्यांची.
आला तसाच मागे फिरवला गळ;
निघाला, काजातून बटण निघावं तसा.

तेव्हा दिसली शेवाळात
तांबडी, उकळती, मूठभर पिल्लं,
एकाच जागी गोल गोल.

घरी सांगून आलो होतो, वाटण करून ठेव.

तिला पाण्यात धरून बसलो.
शेपटी स्वतःहून हलेपर्यंत सोडायचं नसतं.
हलली. जाताना अंगठ्यावर
दोन दात ठेवून गेली.

रात्री त्या वाटणात वांगी शिजली.
रश्श्यात अंगठा बुडाला,
तेव्हा झोंबलं.