हंबाई

टॉवेलची थप्पी माझ्या खांद्याच्या वर गेली होती,
म्हणून नागमणीला मी दिसले नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, फोल्डिंग खातं, जेवणाची सुट्टी.
डबे उघडलेले, शेंगाचटणीचा वास,
आणि कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झालेली ती
माझ्या टेबलापाशी उभी राहून
मी झाली होती.

दोन बोटांच्या कड्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
टॉवेल ट्यूबलाइटपुढे धरला, किनार अंगठ्यानं चाचपली,
पेनाचं टोपण टेबलावर टक, टक,
आणि मग, मान वर न करता, "हं."

शमशादला हसून हसून ठसका लागला.
भाग्यव्वा तिची पाठ थोपटत म्हणाली,
"बस की गं आता, हंबाई येतील."

हंबाई.
अकरा वर्षं मी या खात्यात आहे
आणि समजत होते, मला येमूलमॅडम म्हणतात.

तशीच मागं सरले. जिन्यापर्यंत जाऊन
परत येताना मुद्दाम चपला वाजवल्या.
आत शांत झालं. इतकं झटकन
की ही शांतता त्यांना पाठ आहे हे कळलं.
आजवर मी तिला शिस्त म्हणत होते.

दुपारभर मोजलं.
मालाच्या वहीत, मागच्या पानावर, रेघा मारत.
पाच वाजेपर्यंत एकेचाळीस.
सुटलेल्या धाग्याला हं, बिनचूक डझनाला हं,
"मॅडम, पोरगं तापलंय, उद्या उशीर होईल"
यालाही हं.
मला आतून प्रत्येक निराळा ऐकू येतो:
हा म्हणजे छान, हा म्हणजे बघू,
हा म्हणजे जा बाई, त्याला डॉक्टरकडं ने आधी.
तोंडातून बाहेर पडताना मात्र
सगळे एकाच मापाचे, तीस बाय साठ.

रात्री भांडी घासताना विडीच्या ब्रँचमधला माणूस आठवला.
आई टोपली घेऊन पुढं, मी तिचा पदर धरून मागं.
जाळीपलीकडं तो विड्या बोटांनी चाळायचा,
छाट बाजूला फेकायचा.
आईच्या तोंडाकडं त्यानं कधी पाहिलं नाही.
माझ्या उंचीवरून मला त्याचे हात तेवढे दिसायचे,
करंगळीत चांदीची अंगठी.
घरी येताना आई त्याला तेलगूत एक शब्द म्हणायची,
तो मी इथं लिहिणार नाही.

राखेनं भरलेला हात नळाखाली धरला.
माझ्या करंगळीत अंगठी नाही.
आहे का ते बघितलं, हे खरं.

त्याला काय वाटत असेल स्वतःबद्दल?
नजर पक्की आहे, हात स्वच्छ आहे,
कुणाची एक विडी उगाच छाटली नाही.
असेलही तसंच.
आईनंही कधी कधी घाईत विड्या सैल वळल्या असतील.
पण त्याचं नाव काय होतं
हे आम्हाला अजून माहीत नाही.

सकाळी नागमणीची थप्पी आली.
मी चष्मा काढून ठेवला. टोपण खिशात.
तिच्याकडं बघितलं. कानात लाल खड्याच्या कुड्या,
उजव्या भुवईवर जुना व्रण; तीन आठवड्यांत
हे मला कुठं दिसलं होतं?
म्हणाले, "चांगलं झालंय. किनार एकदम सरळ आहे."

पोरगी पांढरी पडली.
"काय चुकलं, मॅडम?"
माझ्या हातातला टॉवेल ओढून घेतला,
उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला,
नसलेला डाग शोधत राहिली.
मागं शमशादचे हात थांबले, भाग्यव्वाचे थांबले,
सगळं खातं माझ्या तोंडाकडं बघत.

मला सुचेना.
शेवटी म्हणाले, "हं."

तिचा जीव भांड्यात पडला.
मी वही उघडून मागच्या पानावर
बेचाळिसावी रेघ मारली.