उन्हाळ कांदा

सातपूरला मिसळीच्या दुकानामागे
ठकूमावशी कांदा चिरायची.
"का गं येतं पाणी? साळंत शिकवलं का?"
मी आठवीत होते. नव्हतं शिकवलं.

आता सांगता येतं, जवळजवळ.
पेशीच्या एका कप्प्यात विकर,
त्याचं काम दुसऱ्या कप्प्यात.
सुरी मधला पडदा फाडते
आणि पापणी लवायच्या आत सगळं उरकतं.

ते उरकताना बघायचं होतं.
म्हणून तीन वर्षं लासलगावचा कांदा
वाटून, गाळून, निवळून
पिठाहून बारीक स्फटिक वाढवले,
मांडीवर डबा धरून परदेशी नेले.
तिथं बोगद्यात क्ष-किरणांचा लेझर.
ठिणगी पडते, स्फटिकाच्या चिंधड्या,
पण चिंधड्या व्हायच्या आधीच
फोटो निघालेला असतो.
एका स्फटिकाचा एकच.
लाखभर गेले
तेव्हा कुठे सात चित्रं जुळली.

सहावं छापून मावशीला दाखवलं.
ओले हात मागे धरून
लांबूनच पाहिलं तिनं.
"ह्यात पाणी कुठंय?"
अजून यायचंय, म्हटलं.
"मंग सातवं दाव."

सातवं धूसर आलंय.
तिनं पुढचा कांदा घेतला.