पत्ता अपुरा

लकडी पूल

लाकूड कधीच गेलं.
नावाला मात्र वाळवी लागत नाही.


नळस्टॉप

नळ नाही.
स्टॉप आहे, पण बस त्याच्यापुढे जाऊन थांबते
आणि उतरणारे पळत मागे येतात.
एकतीस वर्षं सॉर्टिंगला होतो,
नळस्टॉपची पत्रं रोज लावली,
तहान लागली असं कुणी लिहिलेलं आठवत नाही.


खुन्या मुरलीधर

बदली होऊन आलेला पोरगा लिफाफा उलटसुलट करायचा :
"हे खरंच असं लिहितात?"
लिहितात बाबा.
एकदा तिथल्या पत्त्यावर वकिलाची नोटीस आली.
माझ्या शेजारी गजाबा निवंगुणे बसायचा,
तो ठसा मारत म्हणाला,
"उशिरा का होईना, लागली म्हणायची नोटीस."


उपाशी विठोबा

दर महिन्याच्या सात-आठ तारखेला
एक मनीऑर्डर. रुपये अकरा.
पाठवणार केरू जगदाळे, तळेगाव ढमढेरे.
घेणार सोनाबाई, उपाशी विठोबाजवळ.
मजकुराच्या जागेत
दर वेळी तेवढंच :
आये जेवत जा.


गुपचूप गणपती

इथलं पोस्टकार्ड मी वाचलं नाही.
वाचलं, पण ओठ हलवले नाहीत.


पासोड्या विठोबा

नात विचारते, पासोडी म्हणजे काय.
जाडंभरडं, सुताचं, दुपदरी पांघरूण.
"म्हणजे ब्लँकेट."
नाही गं. ब्लँकेट ज्याचं त्याचं असतं.
पासोडीत दोन भावंडं मावायची
आणि तिसरं रात्रभर ओढत राहायचं.
तिसरा मी.


तपकीर गल्ली

वायरी, होल्डर, दिव्यांच्या माळा.
कुणी म्हणतं, पूर्वी तपकिरीची दुकानं होती.
कुणी म्हणतं, छे, तापकीर आडनावाची माणसं.
भांडण ऐकत मधेच उभा राहिलो
आणि खोक्यांच्या धुळीनं
सणसणीत शिंकलो.
दोघांनाही वाटलं, मी त्याच्या बाजूचा.


साततोटी

सातांपैकी एकही तोटी
मला कुणी दाखवू शकलं नाही.
कोणीतरी एक उघडी ठेवून गेलं असणार.


उसासा

कात्रजच्या तळ्यापासून शहरापर्यंत
जमिनीखालून पाणी आणलं होतं,
आणि वाटेत उभे केले होते दगडी मनोरे,
आत कोंडलेली हवा सुटावी म्हणून.
त्याला उच्छ्वास म्हणतात.
निवंगुणे उसासा म्हणायचा.

बायको गेली त्या श्रावणात
तो पत्रं लावता लावता मधेच थांबायचा,
हात बुधवार पेठेच्या खणात तसाच.
आम्ही कुणी बोलायचो नाही.
थोड्या वेळानं
हात शुक्रवारात जायचा.


पत्ता अपुरा

"डुल्या मारुतीपुढे, रंगाऱ्याच्या जिन्यावर,
ढापण चष्मेवाल्या मावशी, पुणे."
घर नंबर नाही. पिन नाही. नावसुद्धा नाही.
पोचलं. दुसऱ्या वाटपाला.

आता मी मुलाकडे राहतो, उंड्रीच्या पुढे.
ग्रीन व्हॅली, फेज टू, विंग डी, अकराशे तीन.
व्हॅली शोधून झाली.
ग्रीन म्हणजे वॉचमनची खुर्ची.

काल जेवण मागवलं, तर पोराचा फोन :
"काका, फिरतोय कधीचा. लँडमार्क सांगा ना काहीतरी."
खिडकीतून पाहिलं.
कोपऱ्यावर विजेची डीपी, गंजकी,
तिच्या बुडाशी कुणीतरी एका दगडाला शेंदूर फासलेला,
वर झेंडूचा सुकलेला हार.

म्हणालो, "डीप्या मारुतीपाशी ये."
"हां, मग असं सांगा की," म्हणाला.
आमटी अजून गरम होती.