लंगडा कळप

एर्झगेबिर्गच्या डोंगरात शिकायला आलो
तेव्हा मला सगळं येत होतं.
दोन वर्षं बापाच्या गॅरेजात
दिव्यांचे दांडे, वाडगे, एक लाटणंसुद्धा.
आत्या सगळ्यांना सांगायची,
टिल्मानच्या हातात जादू आहे.

वाल्ट्राउट ल्योबेलनं नुसता हात पाहिला.
"अंगठा कुठे ठेवतोस?"
असतो तिथंच, मी म्हटलं.
ती हसली नाही.

तीन आठवडे फक्त धार.
सहाण, पाणी, पटाशी, पुन्हा पाणी.
शेजारी ओडा, सतरा वर्षांची,
तिनं जन्मात पटाशी धरली नव्हती,
त्यामुळे तिला काही विसरायचं नव्हतं.
ती पुढे गेली.

मग स्प्रूसची ओली चकती चढली सांघाड्यावर.
इथे मेंढी कोरत नाहीत,
कडं कातून काढतात:
एका अंगानं पाय, पायांमधली खाच,
उलटून पाठ, मान.
मेंढी आत असते.
कडं फोडेपर्यंत कुणाला दिसत नाही,
कातणाऱ्यालाही नाही.

"आधी टेकू, मग लाकूड.
आवळू नकोस, हत्यार काही पळून जात नाही.
मनगट नको, कंबर वळव."
मी सगळं ऐकलं
आणि माझ्याच पद्धतीनं केलं.
तोंडावर पाणी उडत होतं,
ढलप्या सफरचंदाच्या सालीसारख्या लांब,
मला वाटलं, जमलं.

कडं तिच्या हातात दिलं.
डोळे मिटून तिनं खाचेतून बोट फिरवलं.
"मागचा पाय," म्हणाली.

सुरी ठेवली, हातोडी. टक्. टक्.
साठ मेंढ्या पडल्या टेबलावर
आणि साठही मागून आखूड.
अंगठा एकदाच घसरला होता.
उभ्या कराव्यात तर सगळ्या
हुकूम मिळाल्यासारख्या मागे बसत.
ओडा हसली. जरा वेळानं मीही.

कळप शेगडीत गेला.
ओला होता, नीट जळलाही नाही,
रात्रभर धुमसत राहिला.
आणि मी बंद सांघाड्यासमोर
अंगठा टेकूला लावत होतो,
काढत होतो, लावत होतो,
पहिलीतल्या पोरासारखा.

एक मेंढी एप्रनच्या खिशात राहून गेली.
तिला आता अठरा वर्षं झाली.
किल्ल्यांमध्ये असते.
हात घाईला आला
की मांडीला टोचते.