मागाच्या जागी

माग भंगारात गेला, तेव्हा फरशीत चार भोकं राहिली.
त्यांच्यावर आता हे यंत्र उभं आहे.
धुतं तेच, वाळवतंही तेच.
नणंदेने पुण्याहून पाठवलं.
तिच्या सोसायटीत गॅलरीत कपडे दिसले की दंड होतो.

आमच्याकडे उन्हाला कुणी दंड लावत नाही.
मे महिन्यात विडी घरकुलात
दोरीवर चादर टाकून वळावं,
तर ती पापडासारखी वाजते.
शेजारची यादम्मा दारातूनच हसली,
“सोलापुरात ऊन विकत घेतलं होय गं?”

पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
पिंप, घागरी, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरते,
मग उरलेल्या धारेला पाइप लावून
बटण दाबते.
फरशी थरथरू लागते
आणि माग विकल्यापासून
कुशी बदलत रात्र काढणारे मामंजी
घोरायला लागतात.

साडेतीन तास. बाहेर मीटर पळतो.
गोल काचेत टॉवेल वर चढतो, कोसळतो.
मी सूप मांडीवर घेऊन पानं कापत बसते,
हजाराला अजून चारशे कमी.

यंत्र गप्प होतं,
तसे ते ताडकन उठून बसतात.
“धागा तुटला. बघ, कुठं तुटला.”

मी गरम टॉवेल त्यांच्या हातात देते.
अंगठ्याने काठ चाचपतात, बराच वेळ.
“आपला नाही हा,” म्हणतात,
आणि त्यानेच तोंड पुसतात.