शेऱ्याचा रकाना

पिशीनच्या अलीकडे डांबर संपतं, धूळ सुरू होते.
मी क्वेट्ट्याहून आलोय फायली घेऊन,
अनुदानाच्या सौरपंपांची तपासणी करायला.
काय मोजायचं ते छापलेलंच आहे:
पाट्या किती, खांब सरळ उभे आहेत का,
वाचलेलं डिझेल लिटरमध्ये,
न निघालेला धूर किलोमध्ये.
न निघालेला धूरही मोजता येतो,
हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं.

झमरक खानाच्या सफरचंदाच्या बागेत
चोवीस पाट्या, एकजात आभाळाकडे तोंड करून.
पंप खोकत नाही, नुसता गुणगुणतो,
आणि मांडीएवढी धार
उन्हं वर आली की सुरू, कलली की बंद.
"साहेब, वीज यायची दिवसाला तीन तास,
डिझेलला पिशवीभर नोटा लागायच्या.
आता ऊन येतं, त्याचं बिल येत नाही."
चेहऱ्यावर समाधान. खोटं नाही ते.
त्याची स्पोज्मय या उन्हावर शाळेत जाते.
बोअर किती खोल, मी सहज विचारलं.
"गेल्या साली सातशे फूट. आता नऊशे."
त्याला रकाना नव्हता.

बागेच्या कडेला सैदाल बसलेला, कारेझचा मीराब.
मीराब म्हणजे पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा;
आता पाणी नाही, पाळ्या नाहीत, हुद्दा तेवढा आहे.
त्यानं बोट केलं तिकडे
डोंगरापासून गावापर्यंत विहिरींची तोंडं,
जमिनीला कुणी धावदोरा घातल्यासारखी.
"खालच्या बोगद्यातून पाणी आपल्या पायानं यायचं.
डोंगर देईल तेवढंच. जास्त मागायला
तिथे कुणाचं दार नव्हतं."

मग फडक्यातून त्यानं घटिकापात्र काढलं,
तांब्याचं, बुडाला सुईएवढं भोक.
घंगाळात सोडायचं, बुडालं की पाळी संपली.
पाण्यावरून भांडणं खूप झाली,
भांड्याशी मात्र कुणी भांडलं नाही.

मी म्हटलं, डिझेल तरी गेलं ना, बाबा.
"गेलं, बरं झालं. माझा भाऊ त्या धुरात खोकत गेला.
पण डिझेल महाग होतं.
माणूस पंपापाशी उभा राहून विचार करायचा,
आज द्यायलाच हवं का झाडाला?
तेवढ्या विचारात जमिनीला उसंत मिळायची.
आता कोण कशाला विचार करेल?"
"रात्री तर बंद असतो पंप."
"रात्र पुरत नाही तिला."

त्यानं एका विहिरीत खडा टाकला.
आम्ही दोघंही कान देऊन थांबलो.
खालून आवाज आला तो
दगडावर दगडाचा.

जाताना मला पाळी दाखवायची त्याला हौस आली.
घंगाळात माझ्या बाटलीतलं उरलंसुरलं ओतलं,
घटिकापात्र हलकेच सोडलं.
ते तरंगलं नाही. तळाशी बसून राहिलं, तिरकं.
"बुडायलासुद्धा पाणी लागतं," तो म्हणाला,
आणि ते पाणी परत माझ्या बाटलीत ओतायला लागला,
एक थेंब न सांडता.

जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून मी सही केली.
शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्दांची जागा होती.
'पंप चालू,' लिहिलं. खरंच चालू होता.
मागे बेचाळीस बागांमधून
तीच गुणगुण येत होती,
आणि बाटलीत गढूळ झालेलं घोटभर पाणी
क्वेट्ट्यापर्यंत मी प्यायलो नाही, फेकलंही नाही.