परतीची वायर

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
चार वर्षं एक विमान उभं आहे, दोन सीटचं.
पंख कापडाचे, सांगाडा पाइपांचा,
पुढचा पंखा इराण्णा बडिगेरनं सागवानातून रंधून काढलेला.
टाकी माझ्याकडे.

पेट्रोल आणलं की आधी काचेच्या नळीत घ्यायचं.
दहा खुणा पाणी, वरून पेट्रोल शंभरापर्यंत,
तोंडावर अंगठा, हलवायचं,
मग उजेडासमोर धरून थांबायचं.
पाण्याची रेघ दहावर राहिली तर पेट्रोल सरळ.
त्या दिवशी ती चढत चढत सत्तावीसला गेली.

‘ऊस हाय ह्यो,’ भरमाण्णा म्हणाले.
‘चिकोडीकडचा असंल, न्हाईतर संकेश्वरचा.
फडातनं निघाला, कारखान्यातनं निघाला,
आता तुझ्या टाकीत बसून खाऊलाय.’
मी आत हात घातला.
सील बोटाला चिकटून काकवीसारखं लांबलं.

तीन आठवडे खरवडत होते.
फिल्टरच्या जाळीत तपकिरी कोंडा,
रबरी नळ्या रात्रभर भिजवलेल्या शेंगांसारख्या.
सगळं बदललं. नळी एक्झॉस्टपासून चार बोटं लांब नेली,
कारण मेच्या उन्हात पेट्रोल वाटेतच उकळतं,
नळीत वाफ अडते, इंजिन दोनदा खोकतं
आणि गप होतं.
शेडमध्ये गप झालं तर आपण चहा घेतो.

म्हणून दस्तगीरनं विजेचा पंप आणला,
टाकीच्या पायाशी बसून पुढे ढकलणारा.
बटण दाबलं की मांजर गुरगुरल्यासारखा आवाज.
आम्ही सगळे खूश.

मग होकायंत्राचा दिवस.
पंख उतरवून, ट्रॉलीवरून येळ्ळूरच्या माळावर,
जिथे लेथ नाही, पत्रा नाही, विजेचा खांब नाही.
चुन्यानं आखलेल्या आठ दिशा,
शेपटीला तिघं, आत मी, मांडीवर वही.
पंप बंद : उत्तर उत्तरेला.
पंप चालू : अकरा अंश गेली.
बंद. आली.
चालू. गेली.
‘सुई का हलूलीय गे?’
मला काय माहीत.

इराण्णानं काटकीनं मातीत हिशेब मांडला,
ओंदु, एरडु करत,
आणि म्हणाला, निपाणीला निघालेला माणूस
बारा किलोमीटर भलतीकडे उतरेल.
दस्तगीर म्हणाला, मग पडदा बघा की, नकाशा आहे त्यात.
पडद्यावर एकाच गावाची दोन नावं होती,
दोन ठिपके, मध्ये अर्धा मैल.
भरमाण्णांनी पडदा बंद केला.
सांबऱ्याच्या हँगरमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस,
पडद्यावर रागवत नाही, फक्त बंद करतो.

रात्री शेडमध्ये बॅटरी तोंडात धरून
ते डॅशबोर्डखाली उताणे झोपले.
पंपाची वायर तिथूनच गेलेली,
होकायंत्राच्या अगदी नाकाखालून.
एकटी.
करंट तिच्यातून जायचा, आणि परत यायचा
सांगाड्याच्या पाइपांतून, जमेल तसा.
खर्च वाचवायला मीच तसं जोडलं होतं.
‘जाणारीला परतीची दे,’ तोंडातल्या बॅटरीमुळे
शब्द अर्धेच आले, पण कळले.

मी काळी वायर आणली, लालच्या शेजारी धरली,
आणि वळत बसले.
वेणी नाही म्हणता येणार, वेणीला तीन पेड लागतात.
नुसता पीळ. पंपापासून बटणापर्यंत, साडेसात फूट,
एक इकडे ओढते, तेवढंच दुसरी तिकडे.
अंगठ्याची साल गेली.
बाहेर भट्टीवाल्यांची पाळी बदलली,
कुणीतरी कानडीत शिवी दिली, कुणीतरी मराठीत हसलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ, पुन्हा चुना.
पंप चालू केला. सुई
एक अंश हलली.
मी पुन्हा पीळ सोडायला निघाले, तर भरमाण्णा म्हणाले,
‘ऱ्हाऊ दे. लोखंडात बसलीय बिचारी,
येवढं तरी बोलंलच की.’

कार्डावर पेन्सिलीनं तो एक लिहिला.
मग टाकीखाली वाकून तळाचं पेट्रोल नळीत घेतलं,
उजेडासमोर धरलं,
आणि थांबले.